न मुरलेलं लाकूड

जमिनीच्या कागदावर सही करताना हिंदुरावांनी एकच अट घातली होती आणि तीही तोंडी. ती पाळली जाणार नाही हे सगळ्यांना उघड होतं, एकट्या हिंदुरावांना सोडून.

"बाभळीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई लावत, आबा," बिल्डर झालेला मुलगा जयसिंग म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला. हात लावला तो जेसीबीनं.

ही बाभूळ कर्वेनगरच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या त्यांच्या रानात, विहिरीच्या काठावर उभी होती. विहीर आधीच गेली होती. ती राडारोड्यानं बुजवून वर सोसायटीचा पोहण्याचा तलाव बांधला होता. 'पाणी होतं तिथं पाणीच आहे की', असं जयसिंगनं वडिलांना समजावलं होतं, आणि ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं धरून चालला होता. बाभळीचं तसं झालं नाही. त्या झाडाला बैल बांधलेले असत आणि लहानपणी जयसिंगची झोळीही टांगलेली असे. वर काटे, खाली पोर. दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. पण पार्किंगचा उतार नेमका तिथूनच काढावा लागला. दुसऱ्या बाजूनं काढायचा तर विजेचा ट्रान्सफॉर्मर हलवावा लागला असता, आणि ट्रान्सफॉर्मर हलवायची परवानगी मिळणं फार अवघड असतं.

इमारतीला आर्किटेक्टनं एका झाडाचं इंग्रजी नाव दिलं होतं. ते झाड म्हणजे बाभूळच, हे जयसिंगला कुणी सांगितलं नव्हतं. गेटवर ते नाव पितळी अक्षरांत होतं.

बाभूळ पडली त्या दिवसापासून हिंदुराव मुलाशी बोलेनासे झाले. भांडण नाही, शिवी नाही. त्याच इमारतीच्या नवव्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ते पडून राहू लागले. आधी रात्रीची भाकरी सुटली, मग सकाळची. पावसाळा संपता संपता मुक्काम चहावर आला. जयसिंगनं मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. फक्त खात नाहीत. असं किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही, पण फार दिवस चालणार नाही एवढं सांगतो."

"औषध?"

"भूक लागण्याचं देतो. पण त्यांना भूक लागत नाही असं मला वाटत नाही."

घरी आल्यावर जयसिंगच्या बायकोनं, प्रेमलानं, हेच सोप्या भाषेत सांगितलं. "अहो, तुम्ही दिसलात की आबा तोंड मिटतात. मिटलेल्या तोंडात घास कुठून घालू?"

"मग मी काय करू? घर सोडून जाऊ?"

"कुठं जाल? सगळीकडे तुम्हीच बांधलंय."

जयसिंगनं आयुष्यात कधी कुणापुढे हात टेकले नव्हते. सरकारी कचेऱ्यांत, भावकीत, बँकेत, सगळीकडे त्याच्यापाशी काही ना काही तोडगा असे. इथं समोर सत्तरी ओलांडलेला, दिवसागणिक बारीक होत चाललेला बाप होता आणि त्याला कुठलाच माणूस मधे घालता येत नव्हता. तो उपाय शोधू लागला. ज्या माणसाला उपाय शोधायची सवय असते त्याला सापडतोच, मग तो उपाय असो वा नसो.

एका बिल्डर मित्राच्या केबिनमध्ये त्यानं काचेच्या टाकीत एक वाकडंतिकडं लाकूड पाहिलं. त्याच्यावर हिरवंगार शेवाळ होतं, आणि मासे त्याच्या ढोल्यांतून ये-जा करत होते. मेलेलं लाकूड जिवंत दिसत होतं. जयसिंग तिथून थेट साइट ऑफिसच्या मागं गेला. बाभळीचं खोड केव्हाच वखारीत गेलं होतं, पण मुळाचा एक गड्डा, कुणालाच फोडता न आल्यामुळे, तिथंच पडून होता. चार माणसं लावून तो त्यानं उचलला आणि आबांच्या खोलीत नेऊन ठेवला.

हिंदुरावांनी मान वळवून पाहिलं. मग सुनेला म्हणाले, "प्रेमला, मढं भायेर नेत्यात. आत कुनी आणतंय का?"

जयसिंगला त्यात आशा दिसली. आबा निदान बोलले होते, त्याच्याशी नसले तरी त्याच्यावरून.

मंडईच्या मागच्या गल्लीत श्रीनिवासरावांचं माशांचं दुकान होतं. मासे शोभेचे, खायचे कुठं मिळतात हे विचारणाऱ्याला श्रीनिवासराव उत्तर देत नसत. गड्ड्याचा कापून आणलेला तुकडा त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"कशाचं?"

"बाभळीचं."

"बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात, हे ठाऊक असेल आपल्याला. मासे कमावायचेत का?"

"साल काढून टाकीन."

"काढाच. एक कण ठेवू नका. मग उकळा. पाणी तांबडं होईल, ओता, पुन्हा उकळा. पाण्याचा रंग चहावरून लिंबाच्या सरबतावर आला की भिजत ठेवा. रोज पाणी बदला. तरंगतं तोवर कच्चं आहे असं समजा."

"किती दिवस लागतील?"

"ते लाकडाला विचारा."

"घाई आहे हो जरा."

"आपल्याला आहे. त्याला नाही."

गड्ड्यातलं एक जाड मूळ करवतीनं सोडवलं, पण एवढं मोठं मूळ उकळायचं कशात, हा पुढचा प्रश्न. घरातली जुनी गुळाची काहील इमारतीच्या प्रवेशद्वारात ठेवलेली होती. इंटिरियरवालीनं तिच्यात पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. जयसिंगनं पाकळ्यांसकट पाणी ओतून दिलं, काहील गच्चीवर चढवली आणि खाली लाकडं पेटवली. सोसायटीचे चेअरमन दीनानाथ, निवृत्त प्राध्यापक, धूर कुठून येतो ते पाहायला वर आले.

"गुऱ्हाळ लावलंत?"

"नाही सर. लाकूड उकळतोय."

"शिजलं की सांगा," असं म्हणून ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर गच्चीत लाकूड उकळण्यास मनाई असल्याचं लागलं. हा नियम जगात दुसऱ्या कुठल्या सोसायटीत असेल असं वाटत नाही.

नोटीस लागली तरी काहील पेटतीच राहिली. पाणी आधी रक्तासारखं निघालं, मग कातासारखं, मग बरेच दिवस चहासारखं. ते सरबतावर काही येईना. आबा मात्र रोज थोडे थोडे कमी होत होते. गालांची हाडं वर आली. प्रेमला चमच्यानं पेज भरवायला गेली की ते हात जोडत, आणि तिला चमचा खाली ठेवावा लागे. जयसिंगनं लाकूड गाळलेल्या पाण्यात बुडवून ठेवलं तरी ते वर येई. त्यानं रागानं पायानं दाबून धरलं तरी पाय काढताच वर येई. शेवटी त्यानं लाकडाच्या तळाशी शहाबादी फरशीचा तुकडा स्क्रूनं आवळला. लाकूड खाली बसलं. मुरलं नव्हतं, नुसतं खाली बसलं होतं, पण वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

टाकी हिंदुरावांच्या पलंगासमोर लागली. खाली वाळू, मधे बाभळीचं मूळ, त्यावर दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ आणि श्रीनिवासरावांनी दिलेले बोटाएवढे तांबडे मासे. मोटर सुरू झाली, बुडबुडे निघाले. हिंदुराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. बुडबुड्यांच्या आवाजानं ते वळले. बराच वेळ पाहत राहिले.

"ती खोबण," ते प्रेमलाला म्हणाले, "तितं दावं घासून घासून पडल्याली. ढवळ्याचं."

खोबणीतून एक मासा डोकावत होता.

संध्याकाळी प्रेमलानं माशांना खाद्य टाकायला डबी उघडली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. चिमूटभर खाद्य स्वतः टाकलं. मासे वर आले, खाऊन खाली गेले. मग हिंदुराव म्हणाले, "आन आता भाकरी."

 प्रेमला स्वयंपाकघरात गेली ती पदर डोळ्यांना लावूनच. हिंदुरावांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आधी बैलांना वैरण, मग माणसाला ताट. बैल गेले तेव्हा हा नियम कुणाच्या लक्षात राहिला नाही. हिंदुरावांच्या पोटाला तो आठवत होता. आता रोज आधी मासे, मग आबा. अर्धी भाकरी, मग एक. जयसिंग दाराआडून बघे. आत जायची त्याची छाती होत नव्हती, कारण तो आत गेला की ताट बाजूला सरकत असे. पण बाप जेवत होता, आणि तेवढ्यासाठी दाराआड उभं राहणं त्याला परवडत होतं.

आठवडाभर हे चाललं. मग लाकडाला बुरशी आली.

आधी खोबणीच्या कडेला पांढरी लव दिसली, मग ती कापसासारखी फुगली, लोंबू लागली. शेवाळाच्या खालीही तीच. हिंदुराव टाकीकडे बघत म्हणाले, "बुरशी. लाकूड कच्चं हाय. औताचं लाकूड आमी वरीसभर हिरीत टाकीत हुतो. मुरलं म्हंजे मग ना त्याला कीड, ना बुरशी. ह्यानं दोन दिस पान्यात घातलं आन् बसवलं. हिरीबिगर मुरतंय व्हय लाकूड?" त्यांनी माशांना खाद्य टाकलं, पण भाकरी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी खाद्यही टाकलं नाही. "मरनार ते. मरत्याला कशाला चारायचं?" आणि भिंतीकडे वळले.

जयसिंगनं श्रीनिवासरावांना फोन लावला.

"पांढरं आलंय लाकडावर."

"येतंच. नव्या लाकडावर येतं. माशांना त्याचं काही होत नाही, लाकडातली साखर संपली की आपोआप जातं."

"मग करायचं काय?"

"बोटानं पुसा, थोडं पाणी बदला, वाट बघा. दुसरं काही घालू नका. वाट बघणं जमेल ना आपल्याला?"

"माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

"वेळ कुणाकडेच नसतो. मासेसुद्धा आपल्या वेळेनं जातात," श्रीनिवासराव म्हणाले आणि फोन ठेवला.

जयसिंगनं पुसून पाहिलं. सकाळी पुसलं की संध्याकाळी पुन्हा. आबांचा हात उशीवर पडलेला असे आणि त्यावरच्या शिरा दोऱ्यासारख्या दिसत. प्रेमला आता त्याच्याकडे पाहतही नव्हती. अशा वेळी माणूस शहाण्याचं ऐकत नाही, आठवणीचं ऐकतो. जयसिंगला आठवलं, लहानपणी टोमॅटोवर करपा आला की आबा मोरचूद आणि चुना कालवून फवारत. निळं पाणी अंगावर उडे. बुरशी दोन दिवसांत जाई. बुरशीला मोरचूद, हे तो चालायला लागल्यापासून पाहत आला होता. मोरचूद शोधायला लांब जावंही लागलं नाही. पोहण्याच्या तलावात शेवाळ होऊ नये म्हणून त्याचा डबा पंपाच्या खोलीत भरलेला असे. बुजवलेल्या विहिरीवर उभं राहून जयसिंगनं चिमूटभर निळे खडे पुडीत घेतले.

दुपारी आबांचा डोळा लागला होता. त्यानं खडे टाकीत सोडले. पाण्यात एक निळी रेघ उतरली आणि विरली. घरात शिरून चोरी करायची सवय नसलेल्या माणसासारखा तो चपला हातात घेऊन बाहेर पडला.

सकाळपर्यंत बुरशी खरंच गेली होती. मासेही गेले होते. काही वर तरंगत होते, एक खोबणीत अडकला होता, तोंड बाहेर काढून.

जयसिंग खोलीत आला तेव्हा हिंदुराव पलंगावर उठून बसले होते. प्रेमला भिंतीशी उभी होती. या वेळी हिंदुरावांनी तोंड फिरवलं नाही.

"मोरचूद घातलास?"

इतक्या महिन्यांनंतर बापानं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. 

"थोडासाच, आबा."

"थोडा म्हंजे कुनाचा थोडा? तुझं थोडं मला म्हाईत हाय. थोडी जमीन म्हनाला हुतास तू."

"बुरशी जावी म्हणून..."

"गेली की. तुझं काम चोख असतंय. रोग बी ऱ्हात न्हाई, रोगी बी ऱ्हात न्हाई."

जयसिंग पलंगाच्या पायथ्याशी, फरशीवर बसला. पंचेचाळिशीतला, ढेरी सुटलेला, चार साइट चालू असलेला माणूस. "आबा, मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो. पण खा. हवं तर माझ्याशी बोलू नका, पण खा."

हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग टाकीकडे.

"काढ ते भायेर," ते म्हणाले. "मोरचुदाचं ईख बसलंय त्यात आता. वाहत्या झऱ्याच्या हिरीत वरीसभर पडलं पायजे. हीर बघ."

"बघतो."

"मी बी येतो. तुझं बघनं मला ठावं हाय."

त्यांना धरून लिफ्टमधून खाली आणलं. डोक्याला फेटा बांधायला त्यांनी प्रेमलाला लावलं. फेटा आता सैल होत होता. गाडीत पुढे हिंदुराव, मागं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मूळ, फरशीचा तुकडा काढून.

"ऱ्हाळ्याच्या मळ्यात चल," ते म्हणाले.

ऱ्हाळ्याच्या मळ्यात आता बँक होती. विहिरीच्या जागी गाड्या लावलेल्या होत्या. "पाटलाची बघ." पाटलांच्या विहिरीवर स्लॅब टाकून मारुतीचं देऊळ झालं होतं. मारुती नवा होता, मार्बलचा. तिसरी विहीर शाबूत होती, पण तिच्यात गणपतीच्या निर्माल्यापासून गाद्यांपर्यंत सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. चौथ्या ठिकाणी जयसिंगनं गाडी थांबवलीच नाही.

"का रं?"

"ती मीच बुजवलीय, आबा."

हिंदुराव खिडकीतून बाहेर पाहत राहिले. थोड्या वेळानं त्यांची मान कलली आणि जयसिंगनं घाबरून गाडी कडेला घेतली. ते नुसते डुलकी घेत होते. जयसिंगनं त्यांच्या तोंडाशी हात धरून श्वास लागतो का ते पाहिलं. हातावर ऊब लागली. त्यानं पुन्हा गाडी सुरू केली.

आता एकच विहीर उरली होती, शिवणे गावाच्या पुढे, दत्तोबाची. दत्तोबा म्हणजे आबांचा शाळेपासूनचा सोबती. चांगली बांधीव, पायऱ्यांची, उन्हाळ्यातही पाणी असलेली विहीर. जयसिंगला ती पहिल्यापासून माहीत होती. म्हणूनच तो सगळीकडे फिरून इथं शेवटी आला. या रानाचा करार दत्तोबाच्या पोरांनी त्याच्याबरोबरच केला होता. विहीर दिवाळीनंतर बुजवायची होती.

दत्तोबा बाजेवर बसला होता. त्यानं हिंदुरावांना पाहिलं, मग मुळाला, मग जयसिंगला.

"काय रं हिंदबा, वाळून काटूक झालास. हे काय आनलंस?"

"बाभळीचं मूळ. वरीसभर तुझ्या हिरीत टाकायचंय."

"वरीसभर?" दत्तोबानं पुन्हा जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगनं हात जोडले. ते हिंदुरावांच्या मागं जोडले होते, त्यामुळे ते दत्तोबालाच दिसले.

"टाक की," दत्तोबा सावकाश म्हणाला. "हीर काय, कुटं जातीया?"

"तशाच कुटं कुटं गेल्यात," हिंदुराव म्हणाले.

जयसिंग मुळाला दोर बांधून पायऱ्या उतरला. मूळ पाण्यात सोडलं, ते तरंगलं. त्यानं दोर पायरीच्या कडीला बांधला आणि एक दगड अडकवला, तेव्हा कुठं ते हळूहळू खाली गेलं. वर हिंदुरावांनी दत्तोबाच्या सुनेकडून भाकरी मागून घेतली आणि काठीच्या आधारानं तिसऱ्या पायरीवर येऊन बसले. भाकरीचा कुस्करा पाण्यात टाकला. खालून काळपट बारीक मासे वर आले. पाणी फुटलं, पुन्हा निवळलं. हिंदुराव पाहत राहिले. मग उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला आणि पुष्कळ वेळ चावला.

जयसिंग दोन पायऱ्या खाली, ओल्या पँटनं उभा होता. तो हललाही नाही.

"रोज आनशील का मला हितं?" हिंदुरावांनी विचारलं.

"आणीन."

"वरीसभर?"

"हो."

रात्री त्यानं भागीदाराला, अनंतला, फोन केला. दत्तोबाच्या रानाचं काम पुढं ढकल म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"वर्षभर."

"वर्षभर? बँकेला कारण काय सांगू?"

जयसिंगनं विचार केला. "लाकूड मुरत घातलंय असं सांग."

अनंत बराच वेळ हसला. तो थांबला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पलीकडे कुणी हसत नाही. "जयसिंगराव," तो म्हणाला, "एका झाडासाठी तुम्ही पार्किंगचा उतार हलवला नाहीत. आता एका ओंडक्यासाठी अख्खी साइट थांबवायची? बँक आता दिवाळीपर्यंतही थांबायला तयार नाही. एवढं माझ्या हातात नाही. तुमच्याही नाही."

सकाळी हिंदुराव फेटा बांधून, फडक्यात भाकरी घेऊन दारात उभे होते. जयसिंगनं वाटेत फोन बंद करून टाकला.

दत्तोबाच्या रानात पोचले तर विहिरीभोवती पांढऱ्या फक्कीची आखीव रेघ पडली होती. चौकोनी, चारही कोपरे नेमके. मोजणीवाले पहाटेच येऊन गेले असावेत. दत्तोबा बाजेवर नव्हता.

हिंदुराव काठी टेकत रेघेपाशी थांबले. "हे पांढरं कसलं रं?"

जयसिंगनं त्यांना हात धरून पायरीकडे वळवलं. "जाईल ते," तो म्हणाला. "तुम्ही उतरा सावकाश."

हिंदुराव पायऱ्या उतरून बसले आणि भाकरी कुस्करू लागले. वर जयसिंग वाकला आणि बुटानं, मग हातानं, फक्की पुसू लागला. एक कोपरा पुसून झाला. दुसऱ्यापर्यंत तो पोचला तेव्हा रस्त्यावरून जेसीबीचा आवाज यायला लागला होता.